म्हणे खोगीरभरती!

बाबा, आधी पाया पडते, मग साहेबाच्या नावाने खडे फोडते.

मी ठणठणीत आहे, पण आज डोकं फिरलं. तबेल्याच्या नव्या साहेबाने आम्हा चार जुन्या कारागिरांकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "ही नुसती खोगीरभरती! कमी करा."

तुम्ही जन्मभर खोगिरांत लोकर भरलीत. एक गाठ राहिली तरी घोड्याची पाठ सोलवटते, म्हणून तासन्‌तास चाचपत बसायचात. याला वाटतं, हाताला लागेल ते कोंबलं की झाली भरती!

मी त्याच्याच खोगिरातली सगळी लोकर उपसली आणि नुसता सांगाडा टेबलावर आपटला. म्हटलं, "भरती नको ना? मग घाला हे घोड्यावर."

आईचे गुडघे कसे आहेत? सोमवारी सगळं सामान घेऊन येतेय. तिला म्हणा, सुट्टी मिळाली. तुम्ही मात्र माझा दाभण काढून ठेवा.

तुमची थोरली