उजव्या पायातला गिअर

आबा, मी मोटारसायकल घेतली. बसकी, लांब, पाय पुढे टाकून बसायची क्रूझर. तुम्ही असता तर तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाला असता, "ही गाडी हाय का आरामखुर्ची?" तुमची सूनही तेच म्हणाली, "पाय पसरून बसायला घरात खाट न्हाई व्हय तुमास्नी?" वय एक्कावन्न. घेताना कुणाला विचारलं नाही. शोरूमवाला चालवून दाखवतो म्हणाला, त्यालाही नको म्हटलं. मला आजवर कुणी काही शिकवलेलं नाही. फवारणीचे ब्लोअर मी उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून शिकलो, आणि आज तासगावच्या आसपासच्या द्राक्षबागांतले ब्लोअर माझ्या गॅरेजात येतात. हे तुम्ही बघितलं नाही, म्हणून सांगतोय.

गाडीला खोडी आहेत. फूटरेस्ट इतके पुढे की पहिले चार दिवस माझे पाय हवेतच चाचपडत होते. वळायला तिला अख्खा रस्ता लागतो. एका दमात वळवतो म्हणून गल्लीच्या तोंडाशी गेलो आणि शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीला नाक लावून थांबलो. हळू चालवताना हँडल जड, चाळीसच्या वर गेली की दोन बोटांत. उजव्या पोटरीला इंजिनाची धग लागते. हे सगळं पंधरा दिवसांत बसलं. एक मात्र बसत नाही. गतिरोधक ओलांडला की गिअर चढवायला माझा उजवा पाय दाबतो, आणि तिथे ब्रेक आहे. गाडी जागच्या जागी दचकते. तुमच्या काळ्या साडेतीनशे सीसी गाडीचा गिअर उजव्या पायात होता, ब्रेक डाव्या. मधल्या वर्षांत मी डाव्या गिअरच्या चार गाड्या वापरल्या, तेव्हा पाय असा चुकला नाही. हिचा आवाज तसाच ठोक्याठोक्याचा आहे, बहुधा म्हणून.

मंगळवारी बेदाण्याच्या सौद्याला गर्दी होती. मार्केटच्या फाटकासमोर गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला, बंद. पुन्हा टाकला, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा खाली उतरून प्लगची वायर बघायला वाकलो, तर चहा पीत उभा असलेला एक अडत्या म्हणाला, "पाव्हणं, स्टँड वर घ्या की. ते खाली असलं की गिअरात न्हाई चालत ती."

"ठावं हाय मला."

"ठावं हाय तर मग घ्या की."

लोक हसले. हसू देत. आता मी आधी स्टँड बघतो आणि मगच चावी लावतो. पण गर्दीतून मागून कुणीतरी सहज विचारलं, "गाडी बंद पडली व्हय?" आणि ते शब्द दिवसभर कानात राहिले. तेच शब्द मी तुम्हाला सांगितले होते.

मी अठराचा. तुम्ही एसटीनं सांगलीला गेलेले. शेडमध्ये जाळ्यांवर बेदाणा अर्धा वाळलेला, आणि मला एकच काम, आभाळ भरलं तर पडदे सोडायचे. आभाळ स्वच्छ आहे. तुमची गाडी दारात आहे. तुम्ही शिकवली नव्हती, पण लांबून बघून मला सगळं पाठ होतं. अँपिअरचा काटा मधोमध आणायचा, डिकॉम्प्रेशनचा खटका सोडायचा, मग अंगाचं सगळं वजन किकवर. मी जतच्या रस्त्याला लागतो. परत येतो तेव्हा पाऊस पडून गेलेला असतो, आणि तुम्ही नखशिखांत भिजून एकटेच पडदे ओढत असता. वाऱ्याकडच्या बाजूचा बेदाणा गेला. मी म्हणालो, "गाडी बंद पडली." तुम्ही आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुला मशिनीतलं काय कळत न्हाई. परत हात लावू नगंस."

नंतर आठ दिवस तुम्ही तिचा कार्ब्युरेटर उघडून बसलात. फुंकर मारायचात, उजेडात धरायचात, पुन्हा जोडायचात. काही सापडलं नाही. शेवटी आईला म्हणालात, "वक्ताला दगा देणारी गाडी दारात नगं," आणि जतच्या एका माणसाला ती देऊन टाकलीत. शेवटपर्यंत एसटीनं फिरलात.

मी हे माफीसाठी लिहीत नाही. बेदाण्याची माफी त्याच दिवशी मागितली होती, तुम्ही पाठ फिरवून पडदे बांधत राहिलात. आणि मला मशिनीतलं कळत नाही, हे मी तेव्हाही मानलं नाही, आजही मानत नाही. तुमचं बोलणं खोटं पाडण्यात माझी तीस वर्षं गेली, ती काही वाया गेली नाहीत. ही क्रूझरही माझ्या पायाला वळण लावेल, नाहीतर मी तिला लावेन.

हा कागद गाडीच्या माहितीपुस्तिकेत घालून सीटखाली ठेवतो. तिथे कुणी बघत नाही. पण तुम्ही आठ दिवस उजेडात धरून जे शोधत होता ते त्या कार्ब्युरेटरमध्ये नव्हतंच. तुमची गाडी कुठेही बंद पडली नव्हती. पहिल्या किकला सुरू झाली, आभाळ भरताना मला दिसलं, तरी मी आणखी थोडं, आणखी थोडं करत पुढे गेलो. लय छान चालत होती, आबा.