सारवायची पाळी

मंजुषाताई,

फोनवर बोलवत नाही, म्हणून लिहिते. पाठवणार नाहीच. शहरातल्या द्वारका चौकातल्या तुझ्या ऑफिसात नोकरीची जागा तू माझ्यासाठी सोमवारपर्यंत धरून ठेवलीस. घरातली पहिली पदवीधर पाड्यावरच्या बालवाडीत पोरांची नाकं पुसते, हे आबांना लागतं. मीही थकलेय गं.

दरवर्षी द्राक्षाच्या कामाला जाताना माणसं पोरांना बरोबर नेतात आणि बालवाडी ओस पडते. यंदा ‘पोरं इथंच ठेवा’ म्हणून मी घरोघर विनवलं. कोणी ऐकणार नाही असं धरून, मनातून तुझ्या नोकरीला हो म्हटलं.

आज बालवाडी बंद करायला गेले, तर तिथल्याच एका पोराची आई, साळूबाई, जमीन सारवत होती. घरटी पाळीनं सारवायचं, हा पाड्याचाच नियम.

“उद्या तुम्ही निघालात ना? मग कशाला?”

“आमी जातो. पोरां नाय जात. म्हातारी रांधून घालतील, शिकवायला तू हायेस.” मग हसली. “का तुलाबी गाडीत जागा धरू?”

मला हसू आलं नाही. ‘सोमवारी येते’ एवढंच तुला कळवायचं होतं. पण निघताना तिनं विचारलं, सोमवारी सारवायची पाळी कोणाची?

मी माझं नाव सांगून बसले.

तुझी,
हर्षाली