सरांसाठी स्टीलची सायकल

सर, तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होतो. आता माझी मुलगी अकरावीला आहे. डोंबिवलीत चालायला जागा उरली नाही, हे तुम्हाला काय सांगायचं? शीळफाट्याकडून सायकलने शाळेत येताना टँकरने तुम्हाला उडवलं, तेव्हाही ती जागा नव्हतीच.

आठवीतला अर्जलेखनाचा तास आठवतो. नळ द्यावा म्हणून नगराध्यक्षांना लिहायचं होतं आणि मी अर्जात एक तहानलेली म्हातारी घुसवली. तुम्ही माझी वही सगळ्या वर्गासमोर उंच धरता. "अरे, अर्ज आहे का कीर्तन? काय पाहिजे ते पहिल्या ओळीत माग. रडलास तर लोक रुमाल देतील, नळ नाही देणार." वर्ग खदखदतो, माझे कान तापतात. मधल्या सुट्टीत तुम्ही तुमच्या डब्यातली पोळी-चटणी पुढे केलीत, ती मी खाल्लीही, पण राग दोन दिवस धरून होतो.

गेल्या वर्षी सोसायटीतल्या लोकांनी आमदारांना अर्ज द्यायचं ठरवलं. शीळफाट्याच्या त्याच रस्त्याला सलग फुटपाथ, सायकलींसाठी वेगळी पट्टी आणि अर्थसंकल्पात त्यासाठी तरतूद, एवढंच मागायचं होतं. लिहायचं काम माझ्याकडे आलं. लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत तुम्ही आलात. मग तुमची सायकल आली, कॅरिअरला बांधलेल्या आमच्या वह्या आल्या, त्या दिवशी रस्ताभर पसरलेली त्यांची पानं आली. कागदाची एक बाजू भरली. मागणी मागच्या बाजूला गेली.

आमदारसाहेबांनी पुढची बाजू खरोखर वाचली. डोळे टिपले. "सरांचं स्मारक करू या आपण! नाक्यावर स्टीलची सायकल, एकदम मोठी. पोरांना इन्स्पिरेशन!"

"साहेब, पण फुटपाथ…"

"अहो, तो रस्ता वेगळ्या खात्याकडे. मी लावून धरतो ना. हे मात्र माझ्या निधीत लगेच बसतं."

चारचौघांसमोर मी मान डोलावली. खोटं कशाला बोलू, तुमच्या नावाची पाटी लागणार म्हणून आतून बरंही वाटलं.

नाक्यावर फुटपाथचा एकच धड तुकडा होता, सायकल तिथेच बसवली. अनावरणाला मी पहिल्या रांगेत होतो, शाल-श्रीफळही घेतलं. आता शाळेतली मुलं तिला वळसा घालायला रस्त्यावर उतरतात आणि मागून डंपर हॉर्न मारत येतो. मी आमदारसाहेबांना तीनदा जाऊन भेटलो. "बघतो," म्हणतात. बघत असतीलही. माझ्या हातात काय आहे, सर?

हे पत्र टाकायचं तरी कुठे? पण एक गोष्ट कुणाला तरी सांगायची होती. परवा मुलीने क्लासला सायकलने जाऊ का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं.

"अहो बाबा, तुमचे सर जायचे ना?"

म्हणूनच नको, हे मला तिला सांगता आलं नाही.