तीन दिवस तेच क्रियापद

मंगळवार, १२ मार्च

प्रिय धाकटे,

तुझं पत्र पोचलं. गुडघा बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. जिने मात्र बेताने चढ. तू ऐकणारी नव्हेस, तरी सांगते.

इथे सगळं ठीक. या वर्षी वर्गात बावीस जण आहेत, सगळे नोकरदार. ऑफिसातून दमूनभागून स्पॅनिश शिकायला येतात, त्यामुळे मीही हात राखून शिकवत नाही.

‘केदार’ हे स्पॅनिश क्रियापद आठवतं ना? त्यावरून मी तुझं किती डोकं खाल्लंय! उरणं, राहणं, भेटायचं ठरवणं, कपडा अंगावर शोभणं, सगळ्याला हे एकच. मी फळ्यावर खुर्च्या काढते: चार होत्या, दोन उरल्या. मग विचारते, “आता सांगा, हा केदार कुणाचा कोण?” आणि वर्ग हसतो. एकतीस वर्षांत हा विनोद कधी फुकट गेला नव्हता.

गेल्या गुरुवारी कुणीच हसलं नाही. मला रागच आला. म्हटलं, “काय, तोंडं शिवलीत का?” तरी सगळे माना खाली घालून लिहीत राहिले.

शनिवारी वह्या तपासायला घेतल्या. मंगळवार, केदार. बुधवार, केदार. गुरुवार, पुन्हा केदार. तीच वाक्यं, त्याच चार खुर्च्या, बावीसही वह्यांत. एकीने तर तिसऱ्या दिवशीही पट्टीने समास आखलाय.

धाकटे, मला फक्त गुरुवार आठवतो.

वर्गात एक वयस्कर बँकवाले आहेत, त्यांना फोन केला. ते म्हणाले, “बाई, तुम्ही इतकं जीव तोडून शिकवत होता, मध्येच कसं बोलायचं?” त्यांच्या भिडस्तपणाचा आधी संताप आला, मग फोन ठेवून मी खूप रडले.

काल डॉक्टरांकडे जाऊन आले. हे खरं तर पहिल्याच ओळीत लिहायचं होतं, पण धीर होईना. तपासण्या करायच्या म्हणतात. २१ तारखेला सकाळी दहाला बोलावलंय, घरचं माणूस सोबत घेऊन. माझं घरचं माणूस म्हणजे तूच. येशील ना? मला फार भीती वाटते गं. वर्ग सुटेल याची वाटतेच, पण त्याहून जास्त, मला कळायच्या आधी सगळ्यांना कळेल याची.

आणि हे पत्र तुला याआधीही आलं असेल, तर माझं मन राखायला गप्प बसू नकोस. सरळ सांग.

तुझीच, अजून तरी,
ताई