अस्वलाला ऐकू जाईल इतकं

प्रिय ठमे,

बाळाचा फोटो मिळाला. आता तू आई झालीस तरी मी तुला ठमीच म्हणणार, नवऱ्याला आवडो न आवडो. काय गं ते गोड ध्यान! नाक तुझं, कपाळ त्याच्या घरचं आणि तो रुसलेला ओठ सरळ माझा. पार्काच्या कँटीनमध्ये चहाला जो येईल त्याला फोटो दाखवला. भांडी घासणारी म्हणाली, पोर पणजीवर गेलंय, म्हणजे बोलकं निघणार, आईबापांनी आत्तापासूनच कानात बोळे घालून ठेवावेत. मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, आणि मग मलाच काहीतरी चोरल्यासारखं वाटलं. का ते सांगते. पत्र लांबणार आहे आणि अक्षर चौथी शिकलेल्या बाईचं आहे, तेव्हा सावकाश वाच. बाळ निजलं असेल तेव्हाच वाच.

नातजावयांनी मागे फोनवर विचारलं होतं, सुट्टीत पार्कात आलो तर अस्वलं खरंच दिसतात का, आणि दिसलं तर करायचं काय. मी तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तर ऐका. दिसतात. काळी असतात ती झाडावर चढतात, तपकिरी असतात ती मोठी, पाठीवर उंचवटा असलेली. मागच्या पायांवर उभं राहिलं म्हणजे अंगावर येतंय असं नाही, बिचारं वास घेत असतं, कोण आलं ते बघत असतं. पळायचं नाही. पाठ करायची नाही. हळू आवाजात बोलत मागे सरायचं. पिल्लं दिसली तर कॅमेरा बिमेरा विसरायचा, कारण आई जवळच असते आणि ती कुणाचं ऐकून घेत नाही. आणि डबा गाडीत कुलूपबंद. हे सगळं तुझे आजोबा पाहुण्यांच्या दर गटाला सांगायचे, मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन. त्यांचं सांगणं एकच, अस्वल आपल्याहून लाजाळू असतं, माणूस येतोय असं कळलं की ते आपणहून वाट सोडतं. कळवायचं काम माणसाचं. न कळवता गेलात आणि काही झालं, तर दोष अस्वलाचा नाही.

म्हणून तर ते सगळी वाट मोठ्यांदा बोलत चालायचे. दुसरे गाईड गाणी म्हणतात, टाळ्या वाजवतात. आजोबा काय करायचे ठाऊक आहे ना? सकाळी मी त्यांना जे जे बोलले असेन ते सगळं माझ्या आवाजात, माझ्यासारखे हात नाचवत बोलायचे. ओला टॉवेल गादीवर कुणी टाकला, दाढीचे केस बेसिनमध्ये कुणी ठेवले, तुमच्या आईने तुम्हाला काही शिकवलं की नाही. पाहुणे पोट धरून हसायचे आणि अस्वलं, आजोबा म्हणायचे, मीच आलेय असं समजून पलीकडच्या डोंगरावर जायची. गट खाली आला की माझ्याकडून चहा घेताना माणसं एकमेकांना कोपरं मारायची. मला फार राग यायचा. आता वाटतं, तेवढं कौतुक कुठल्या बायकोचं होत असेल!

मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, ते तू पाहिलंसच. पार्काचे साहेब भले, त्यांनी नोकरी काढली नाही. आजोबांना कमरेला बांधायला एक पितळी घंटी दिली आणि पुढे बोलत चालायला एक नवी मुलगी दिली. ते मागून चालायचे, खुळखुळत. घरी आले की घंटी आधी काढून खुंटीला लावायचे, तोंड कडू करून. मी म्हणायचे, अहो गळ्यात नाही ना बांधली, कमरेलाच तर आहे. थट्टाच करायचे मी, दुसरं काय करणार. दोघांचं बोलणं मी एकटीच करत होते.

ठमे, तू बाळंतपणाच्या तोंडावर होतीस म्हणून तुझ्या बाबाने तुला कळू दिलं नाही. फोनवर सांगत राहिला, आजोबा वर कामावर आहेत, आले की निरोप देतो. आजोबा आता नाहीत गं. बाळ यायच्या थोडं आधीच गेले.

दुखणं परत आलं होतं. डॉक्टरांनी पुन्हा चिरफाड सांगितली तेव्हा आजोबांनी फक्त मान हलवली, आणि घरी येताना गाडीत माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. त्यानंतर एका सकाळी त्यांनी चहा घेतला आणि स्वतःची कपबशी स्वतः विसळून ठेवली. उभ्या जन्मात केलं नव्हतं. मी म्हटलं, आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय. ते हसले आणि गेले. मला वाटलं, कामावर गेले.

संध्याकाळपर्यंत आले नाहीत तेव्हा शोध सुरू झाला. दुसऱ्या दिवशी मीही गेले वर. मी हाका मारत होते तर शोधणारे म्हणाले, आजी, जरा गप्प बसा, काही आवाज येतो का ऐकू द्या. मी गप्प बसले. ज्याला आवाजच नाही त्याची हाक ऐकायला आम्ही सगळे गप्प उभे होतो. शेवटी ते बोरांच्या झुडपांपाशी सापडले, बंद केलेल्या वाटेवर. फाटक्या कानाची अस्वलीण दोन पिल्लं घेऊन तिथे चरायला येते, म्हणून त्या वाटेवर ‘जाऊ नये’ची पाटी आजोबांनी स्वतःच्या हाताने ठोकली होती. कसे सापडले ते लिहीत नाही. तुझ्या बाबाने पाहिलं, मला पाहू दिलं नाही.

मग त्या अस्वलिणीला धरायला पिंजरा लागला. तुझ्या बाबाचं म्हणणं सरळ होतं. पार्काची गाडी चालवतो तो, त्याला नियम पाठ. घंटी वाजत असूनही अस्वल अंगावर आलं, म्हणजे त्याची माणसाची भीड मेली, उद्या एखाद्या पाहुण्याला धरेल, त्याला गोळी घातलीच पाहिजे. साहेबांनाही ते पटलं. पिल्लं प्राणिसंग्रहालयात पाठवायची ठरली. घंटी तिथे सापडली नव्हती, पण उतारावरून गडगडली असेल असं सगळ्यांनी धरलं.

घंटी घरात होती, ठमे. दाराआडच्या खुंटीला. ते घरातून निघाले त्याच दुपारी मी पाहिली होती आणि विसरले असतील म्हणून सोडून दिली होती. पण विसरणारा माणूस नव्हता तो. पाटी कुठल्या वाटेवर ठोकली ते विसरला नाही, कपबशी विसरला नाही.

मला त्या अस्वलिणीचा पुळका नाही. समोर आली असती तर झाडूने हाणली असती मी. पण माझा माणूस जन्मभर जे सांगत आला ते त्याच्याच नावाने खोटं ठरणार, हे मला बघवेना. मी घंटी घेऊन ऑफिसात गेले. तुझा बाबा तिथेच उभा होता. मी म्हटलं, “साहेब, ही घरातच होती. हे घेऊन गेलेच नाहीत.” साहेबांना काय समजायचं ते समजलं. पिंजरा निघाला. बाहेर आल्यावर तुझा बाबा म्हणाला, “लोक आता बाबांबद्दल काय बोलतील कळतंय का तुला? बाबांची बायको नाही, तू त्या अस्वलाची आई आहेस.” तेव्हापासून आम्ही बोललो नाही. एका घरात राहतो, मी ताट वाढते, तो जेवतो, कधी मी आत गेल्यावर जेवतो. आणि लोक बोलतातच. कँटीनमध्ये मी आले की बोलणं थांबतं. मीही हल्ली फारसं बोलत नाही. मला एकच विचारायचं आहे आणि ते ज्याला विचारायचं तो गेला. खुणेने तरी सांगायचं होतं. हात धरायचा होता. एवढी बडबडी बाई समोर बसली होती, तिला एकदा गप्प केलं असतं तर काय बिघडलं असतं.

हे आत्ता लिहिते याचं कारण असं, की तुझ्या बाबाने नोकरी सोडली आहे आणि सामान बांधून तो तुझ्याकडे राहायला येतोय. मला त्याने सांगितलं नाही, ऑफिसातून कळलं. तो पोचायच्या आधी हे पत्र पोचावं. आल्यावर तो माझ्याबद्दल जे सांगेल ते ऐकून घे, मध्ये माझी बाजू घेऊ नकोस. त्याचा बाप गेलाय, त्याला कुणावर तरी रागावू दे. त्याला पोटभर जेवायला घाल, बाळाला त्याच्या मांडीवर दे. आईकडे परत कधी जाणार, एवढं मात्र त्याला विचारू नकोस. ‘कधीच नाही’ म्हणाला तर मला कळवावं लागेल, आणि खोटं लिहिणं तुला कधी जमलं नाही.

इथे एकटी, पण तुझीच,
आजी