शांताबाईंचा चहा

मंगळवार, संध्याकाळ. दारव्हा.

गुडघा ठणकतोय, तरी हे आजच लिहायला हवं. तो कप डोळ्यांपुढून हलत नाही.

आज बोरी अरबला माझी प्रचारसभा झाली. कापसाच्या भावावरून बोलता बोलता जातिभेदावर आलो आणि गरजलो, "ज्यांच्या घरचा चहा चालत नाही, त्यांची मतं बरी चालतात!" टाळ्या पडल्या. मग बौद्धपुऱ्यात शांताबाईंकडे जेवायला गेलो. म्हातारीने साखरेने दाट झालेला चहा पुढे केला आणि मी कपावर हात धरला! वजन उतरवायला डॉक्टरांनी साखर बंद केली आहे, पण ते सांगायची मला लाज.

"काहून भाऊ, आमच्या घरचा चालत नाही काय?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग एका दमात सांगून टाकलं: वजन, गुडघे, साखर.

बाई हसत सुटल्या. "मंग तोंडानं सांगा नं! सभेत दोन घंटे बोलले, अन् एवढं सांगाले जीभ उचलली नाही?"

माझ्यासाठी वाढलेलं पुऱ्यांचं ताट आत गेलं. घरच्यांसाठी केलेली ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी आली.

"पाहुण्याले हे वाढाले लाज वाटे. आमी रोज खातो. पाहा, घरात कोनी जाड हाय काय?"

दुसरी भाकर मागितली, तर मिळाली नाही. "डॉक्टरले काय सांगसान?"

शेवटी तोच कप बिनसाखरेचा होऊन आला. इतका कडू चहा जन्मात प्यालो नव्हतो. थेंबही उरू दिला नाही.