सत्ताविसावी रांग

फरवानिया, कुवेत
ईदनंतरचा गुरुवार, दुपार

माझी नगातताई,

तुला आणि भावोजींना सलाम, पोरांचे गालगुच्चे घे. मी बरा आहे, जेवतोखातो. उकाडा असा की दाराची कडीसुद्धा चटका देते. हे पत्र आणि एक बोचकं खालच्या मजल्यावरचा अबू दैफ घेऊन येतोय. त्याला चहा पाज, पण तो जाईपर्यंत पत्र उघडू नकोस.

मी कुठे टिकत नाही असं तू म्हणायचीस, ते खरंच. अलेक्झांड्रियात कोळ्यांबरोबर चार महिने, अम्मानला भट्टीवर एक हिवाळा, सुएझला तर नुसताच बसून. (सुएझच्या मांजरीची गोष्ट तुला सांगायची राहिलीच. असो.) पण या विमान कंपनीत मी दोन वर्षं टिकलो. वजनकाट्यावर उभा राहायचो. आपल्या सोहाग जिल्ह्याची माणसं ब्लँकेटं, पंखे, दोरीने करकचून बांधलेले टीव्ही घेऊन यायची. एकाने कपडे धुण्याचं मशीन आणलं.

"काका, हे काय?"

"हातातलं सामान आहे, बाळा."

"हात कुणाचे, हत्तीचे?"

सगळी रांग हसली, आणि मी मशीन पट्ट्यावर लोटलं. जादा वजनाचे पैसे कुणीच घेत नसे. घरी जाणाऱ्या माणसाकडे कसे मागायचे? आणि परमुलखात मेलेल्याला तर भाडंच नाही, हा आमच्या कंपनीचा रिवाज. वर हसणारी माणसं, खाली मयतांच्या पेट्या, सगळे एकाच विमानातून गावी.

पगार तीन महिने थकला तेव्हा मी हिशेबनीस लबीबसाहेबांना विचारलं, "उस्ताद, विमान खचाखच भरून जातं. मग पैसा जातो कुठे?"

"जाणारं विमान बघतोस, शाझली. येणारं बघितलंस कधी?"

बघितलं होतं. ईदच्या आधी सगळे घरी जाणार, इकडे कोण येतंय? एकशे ऐंशी खुर्च्या आणि अकरा माणसं, त्यांतली चार आमचीच, फुकटी.

"तेल डॉलरमध्ये, विमानाचं भाडं डॉलरमध्ये," ते म्हणाले, "आणि तिकिटं आपण गावात विकतो इजिप्तच्या गिनीमध्ये, तीन महिने आधी, दुसऱ्यापेक्षा स्वस्त. तोवर गिनी घसरते. एका फेरीत दोनशे दहा माणसं बसली तर कुठे खर्च निघतो."

"पण जागा तर एकशे ऐंशी."

"मग? उरलेले पंखावर बसवतोस?"

मी हसलो. माझ्या डोक्यात एवढंच शिरलं, की एकही जागा फुकट जाता कामा नये. तेवढ्याने नोकरी वाचेल.

आता बाबांचं.

गर्दीमुळे त्यांना जागा मिळाली नाही, असं मी तुला सांगितलं. ताई, जागा मिळाली होती. ईदच्या आधीचा गुरुवार. नोकरांच्या घरच्यांसाठीचं फुकट तिकीट मी काढलं होतं, आणि शेवटी एक खुर्ची उरली म्हणून बाबा बसलेसुद्धा. सत्ताविसावी रांग, खिडकीजवळ. चहाची किटली मांडीवर, इथल्या इमारतीची अठ्ठावीस वर्षं राखणदारी केली ती हीच किटली घेऊन. सामानात द्यायला तयार नव्हते.

तेवढ्यात एकजण पैसे घेऊन धावत आला. काउंटरवरचे साहेब म्हणाले, "तूच ठरव." मी विमानात गेलो. बाबांना वाटलं, निरोप द्यायला आलोय.

"उठा बाबा. गिऱ्हाईक आलंय. तुम्ही पुढच्या गुरुवारी जा."

सगळे बघत होते. त्यांनी पट्टा सोडवायचा प्रयत्न केला, जमेना; मीच सोडवला. जिन्यावर म्हणाले, "छातीत जरा भरल्यासारखं वाटतंय रे. उन्हाचं असेल. तुझी नोकरी टिकू दे म्हणजे झालं."

शनिवारी कंपनी बंद पडली. दाराला कुलूप, बाहेर तिकिटं घेतलेली माणसं. लबीबसाहेब फुटपाथवर बसले होते. मी विचारलं, गुरुवारचं विमान तर पूर्ण भरलं होतं ना? ते म्हणाले, "त्या फेरीतही तोटाच झाला, बाळा. ती एक जागा भरली काय, रिकामी गेली काय, शनिवारी कुलूप लागणारच होतं."

सोमवारी बाबा गेले. ते तुला माहीत आहे.

कागद अडकलेत म्हणून पेटी यायला उशीर होतोय, असं मी कळवलं, ते मात्र खोटं. कसलेच कागद अडकले नाहीत. फुकट नेणारी आमचीच कंपनी होती, ती बुडाली. दुसऱ्यांकडे पेटीला जागा नव्हती, ईद होऊन आठवडा उलटेपर्यंत. इमामसाहेब म्हणाले, इतके दिवस मयत ठेवू नये. बुधवारी सुलैबिखातच्या कब्रस्तानात दफन केलं. सही मी केली. खांदा द्यायला त्यांच्या इमारतीतले भाडेकरू आले होते, एकालाही त्यांचं पूर्ण नाव माहीत नव्हतं.

भावोजींनी आईशेजारी बाबांसाठी कबर खणून ठेवलीय, आणि तू रोज संध्याकाळी बघून येतेस, असं अबू दैफची बायको गावाहून फोनवर सांगत होती. त्यांना ती बुजवायला सांग, ताई. आता कुणी येणार नाही.

बोचक्यात किटली आहे. आतली चहाची भुकटी बाबांचीच, मी सांडली नाही.

बाबांना जागेवरून उठवणारा,
शाझली